आरपार घर

४ जानेवारी

प्रिय मामा,

पत्राच्या सुरुवातीला 'कसा आहेस' असं विचारायची रीत आहे, पण तू उत्तरात नुसतं 'जिवंत' लिहितोस, म्हणून विचारत नाही. फोन करावा तर तू 'हॅलो, हॅलो, रेंज नाही' म्हणून ठेवून देतोस. रेंज असते रे मामा, कान नसतो. डावा कान लढाईत गेला आणि उजवा वयानं गेला, हे आता कबूल कर बघू.

आधी तुझ्या बायकोची खबर. मामीच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालंय असं डॉक्टर म्हणाले. मनगटाचं प्लास्टर अजून आहे, म्हणून तिचे निरोप मला लिहावे लागतात. दिवसभर आई आणि ती, नणंदा-भावजया, खिडकीशी बसून आख्ख्या कॉलनीची उजळणी करतात. मी ऑफिसातून आले की दोघी एकदम गप्प होतात, म्हणजे विषय मी असते.

काम असं, की मला एक शब्द हवाय. घरातलं शब्दकोडं तूच सोडवतोस, म्हणून तुलाच विचारते. आमच्या ऑफिसात एक घर आलंय डागडुजीला. खोल्या एकामागं एक, आणि दारं अगदी समोरासमोर. सगळी उघडली की पुढच्या दारातून थेट शेवटच्या खोलीपर्यंत दिसतं. आमचे साहेब त्याला एक परदेशी शब्द वापरतात, तो उच्चारताना त्यांचीच जीभ अडखळते. आपल्याकडे काय म्हणतात याला?

मामी शेजारून सांगतेय, की तू स्वतःच्या लग्नाच्या जेवणातसुद्धा तिच्याशी जागा बदलून घेतली होतीस, कारण दार तुझ्या पाठीमागं येत होतं. खरं का रे? मागच्या वेळी हॉटेलात तू आम्हा सगळ्यांना उठवून खुर्च्या बदलल्यास तेव्हा वाटलं होतं, ही म्हातारपणाची खोड आहे.

तुझी भाची


९ जानेवारी

चि. भाचीबाईस,

जिवंत.

लग्नाच्या जेवणातली गोष्ट खरी आहे. लढाईहून येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. माणसानं दाराकडे तोंड करून बसावं, एवढं मी सैन्यात शिकलो आणि त्यानं माझं नुकसान झालं नाही. कानांबद्दल तू लिहिलेलं मला ऐकू आलं नाही.

तुझा शब्द: आरपार. सुताराचं गिरमिट फळीतून आरपार जातं, थंडी शालीतून आरपार जाते. घरालाही मी हा शब्द ऐकलाय. 'त्यांचं घर अगदी आरपार आहे', म्हणजे पुढच्या दारात उभं राहिलं की परसातली वाळत घातलेली कापडं दिसतात. वारा खेळतो, उजेड येतो. घर बांधणारी माणसं हे कौतुकानं सांगतात.

आमच्या धंद्यात मात्र आरपार जायची ती गोळी. आणि तुला एक सांगून ठेवतो, कारण ते पुस्तकात नसेल. गोळी समोरून आली तर एकाला लागते. रांगेच्या टोकाकडून आली तर सगळ्या रांगेला लागते. म्हणून लपायचे चर कधी सरळ खणत नाहीत, थोड्या थोड्या अंतरावर वळण देतात. जुन्या किल्ल्यांचे दरवाजे पाहा. आत शिरलं की समोर भिंत, मग वळायचं, मग दुसरा दरवाजा. ती बांधणारी माणसं काही अडाणी नव्हती. तेव्हा तुझ्या साहेबांना माझा निरोप दे, की एखादं दार सरकवा.

मामीला सांग, भात आता चिकट होत नाही. खोटं आहे, पण सांग. शेजारच्या वहिनी भाजी आणून देतात आणि मी खाईपर्यंत उभ्या राहतात, हेही सांग, म्हणजे ती लवकर बरी होईल.

ती घरी कधी येणार ते तू लिहिलंच नाहीस.

मामा


१५ जानेवारी

प्रिय मामा,

भाताचं तिला सांगितलं. हसून हसून तिचा खुबा दुखला. वहिनींचं ऐकून मात्र हसली नाही.

आता मीही एक खोटं कबूल करते. ऑफिसात कुठलंही घर आलेलं नाही. ते घर तुझंच आहे.

डॉक्टर म्हणाले, मामीला निदान पावसाळ्यापर्यंत चाकाची खुर्ची लागेल, नंतर वॉकर. घरात खुर्ची फिरत असेल तर घेऊन जा, नाहीतर इथंच ठेवा. म्हणून मी नकाशा काढलाय, सोबत पाठवते. फार काही नाही. बाहेरची खोली, मधली खोली, मागची खोली. दारं मुळात एका ओळीतच होती. आई सांगते, तू लढाईवरून आलास आणि पहिल्याच महिन्यात मधल्या दारासमोर लोखंडी कपाट ढकललंस, अन् कोपऱ्यात भिंत फोडून दुसरं दार काढलंस. चोरांसाठी म्हणे. मी लहान असताना त्या कोपऱ्यातून पळत वळायचे तेव्हा किती वेळा टेंगूळ आलंय! माझा लाल रबरी चेंडू त्या कपाटामागंच गेला, तो आजतागायत मिळाला नाही.

तर कपाट काढायचं, जुनं दार मोकळं करायचं, कोपऱ्यातलं बुजवायचं आणि तुझी खाट भिंतीकडे सरकवायची. खुर्ची फाटकातून निघाली की सरळ मागच्या खोलीत. आणि मामीला तिच्या पलंगावरून पुढचं दार दिसेल. तिनं एवढंच मागितलंय बघ. म्हणाली, 'कोण आलं, कोण गेलं, हे पडल्या पडल्या दिसलं तर मला आजारी वाटणार नाही.'

तुझा नेहमीचा गवंडी हे काम आठवड्यात करेल. हो म्हण.

भाची


२० जानेवारी

चि. भाचीस,

नकाशा पाहिला. रेघा छान मारतेस.

कट रचण्यात तू आणि तुझी मामी दोघी तयार आहात हे ठाऊक होतं. माझ्याकडूनच शब्द काढून घेऊन माझ्याच घरावर चालून आलात. शाबास.

पण नाही. कोपऱ्यातलं दार मी रुंद करून घेतो, हवं तेवढं. उंबरा काढून टाकतो. न्हाणीत धरायला दांडा बसवतो, पुढच्या पायऱ्यांवर उतार घालतो. खर्चाची काळजी नको. कपाट आहे तिथंच राहील आणि माझी खाटही. पुढचं दार, मधलं दार आणि मागची खोली एका रेषेत येता कामा नयेत. कारण विचारू नकोस. म्हाताऱ्याचा हट्ट समज.

गवंड्याला उद्या बोलावलंय. मी स्वतः फूटपट्टी धरणार आहे. खुर्ची वळेल. न वळायला काय झालं? आम्ही तोफा वळवल्यात घाटातून.

मामीला पुढच्या आठवड्यात घेऊन ये.

मामा


२८ जानेवारी

मामा,

तोफेला खुबा नसतो.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. तुझी सगळी पत्रं मी तिला वाचून दाखवते, हे तुला माहीत असेलच. ती म्हणाली, 'राहू दे गं. त्यांना नको असेल तर मी इथंच राहते. माझी साड्यांची पेटी तेवढी मागवून घे.' आई तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाहीये. तुझी बहीण आहे ना, राग आला की भांडी घासत बसते.

मी शपथ मोडून एक गोष्ट लिहितेय. मामी पडली ती चक्कर येऊन नाही. चक्कर आली असं तिनं तुला सांगितलं. दुधाचं पातेलं घेऊन ती त्या कोपऱ्यातून वळत होती आणि तुझ्या खाटेच्या पायाला अडखळली. इतकी वर्षं ती चहा, पाणी, जेवण सगळं त्या वाकड्या वाटेनं नेत आलीय. एकदाही तिनं तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

चोर म्हणे! काय आहे रे त्या घरात चोरायला? तुझी शब्दकोडी?

मला तुझा खूप राग आलाय. पेटी कुणाबरोबर तरी पाठवून दे.

भाची


१९ फेब्रुवारी

चि. भाचीस,

पेटी पाठवली नाही. बांधली होती. मग सोडली.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचलं, बाजूला ठेवलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं, तू रागाच्या भरात वाढवून लिहिलं असशील. गवंड्यानं दार रुंद केलंच होतं. म्हटलं, प्रत्यक्ष करूनच दाखवू. दवाखान्यातून चाकाची खुर्ची भाड्यानं आणली, त्यात स्वतः बसलो, मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेलं पातेलं घेतलं आणि गवंड्याला म्हटलं, ढकल. थेंब सांडला तर नाव बदलीन. हे सगळं तुला पत्रात लिहून तुझं तोंड बंद करायचा बेत होता.

पुढचं दार पार केलं. कोपऱ्यातलं दारही पार केलं. तिथं उजवीकडे वळायचं, तर पुढची चाकं खाटेत गेली आणि मागची चौकटीत. गवंडी मागं ओढतो तर चौकट धरते, पुढं ढकलतो तर खाट. पाणी सगळं माझ्या अंगावर. तो हसू दाबत म्हणाला, 'साहेब, तुम्ही बसा निवांत, मी खाट उचलायला माणूस घेऊन येतो.' आणि गेला. चहा पिऊनच आला असणार.

मला उठता आलं असतं. पाय धड आहेत. उठायला हात टेकले आणि मग वाटलं, तिला उठता येणार आहे का? बसून राहिलो.

त्या खोलीत मी जन्म काढला, पण त्या उंचीवरून ती कधी पाहिली नव्हती. उभ्या माणसाला कपाटाच्या वरून झरोक्याचा थोडा उजेड दिसतो. बसलेल्याला नुसता पत्रा दिसतो. खाली एक गंजाचा डाग आहे. तोच पाहत बसलो, ओल्या धोतरानं.

आता ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही.

आम्ही एका उतारावर होतो. जमीन खडकाळ. चराला वळणं द्यायची तर वेळ लागतो, आणि वेळ नव्हता, म्हणून सरळ खणला. कुणाची चूक म्हणून सांगत नाही, त्या घाईत कुणीही तेच केलं असतं. सकाळी त्यांना चराचं टोक सापडलं. एकच मशीनगन, टोकावरून सरळ आत. मी रांगेत शेवटी होतो. माझ्या पुढं जे होते त्यांच्यातून माझ्यापर्यंत काही पोचलंच नाही. शेवटी त्यांनी एक बाँब टाकला, तो बाहेर पडला, त्यात कान गेला. लोक म्हणतात, मामा लढाईतून वाचला, शूर. मी वाचलो तो मागं होतो म्हणून. माझ्या पुढं माणसं होती म्हणून.

घरी आलो. काही महिन्यांनी लग्न व्हायचं होतं, घर तेव्हा रिकामंच. पुढच्या दारात उभा राहिलो तर थेट मागच्या खोलीतली भिंत दिसली, आणि मनात आलं, इथं उद्या कुणीतरी बसलेलं असेल, रांगेत शेवटी, आणि तिच्या पुढं कुणीच नसेल. त्याच आठवड्यात कपाट ढकललं. लग्नानंतर कपाटाला लागून माझी खाट टाकली. काय यायचं ते आधी माझ्यावर येऊ दे. हे वेड आहे, मला कळतं. आपल्या गल्लीत सायकलवरून पेपर येतो, बाँब येत नाहीत. पण कळतं म्हणून जात नाही ना.

आणि त्याच खाटेला ती अडखळली.

हे मामीला वाचून दाखवू नकोस. चोरांसाठी आहे असंच तिला वाटू दे.

मामा


२४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

मी रागानं काय काय लिहिलं ते आठवून कानाला खडा लावलाय. तुझ्या चांगल्या कानाला लावायचा तर तो सापडायला हवा.

पण तुझं एक काम माझ्याच्यानं झालं नाही. पत्र आलं की मामी म्हणते, वाच. मी म्हटलं, 'नुसती खुशाली आहे.' तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, 'चराचं लिहिलंय का?'

मामा, तिला माहीत आहे. तुमच्या लग्नानंतर तुझा एक सोबती घरी आला होता. तू त्याच्यासाठी दूध आणायला गेलास तेवढ्यात त्यानं तिला सगळं सांगितलं, आणि म्हणाला, 'वहिनी, त्याला विचारू नका.' तिनं विचारलं नाही. मी म्हटलं, 'अगं, मग इतकी वर्षं तू त्या कपाटाला वळसे घालत राहिलीस?' तर म्हणते, 'कपाटानं त्यांना झोप लागत होती. मग कपाट काय, दोन ठेवा म्हटलं असतं.' आणि चोरांचं? 'ते त्यांना बरं वाटतं म्हणून मीही तेच सांगते सगळ्यांना.'

म्हणजे तू तिच्यापासून लपवतोस, ती तुझ्यापासून लपवते, आणि मी मध्ये बसून दोघांचं टपाल वाहते. कपाळाला हात लावला मी.

आता खरी पंचाईत ऐक. तिनं हट्ट धरलाय की कपाट हलवायचं नाही. पेटी नको म्हणते, घरीच जायचं म्हणते, पण घर आहे तसंच पाहिजे. 'मी वॉकर शिकते, उन्हाळ्यापर्यंत आडवी-तिडवी चालत जाईन, आणि पुढचं दार नाही दिसलं तर मी काही मरत नाही.' व्यायाम घेणाऱ्या बाईला तिनं कालपासून भंडावून सोडलंय. काल उभी राहिली आणि रडली. दुखलं म्हणून रडली, पण थांबली नाही.

डॉक्टर म्हणतात, ही घाई केली तर पुन्हा पडेल. आणि आता पडली तर उठणार नाही. हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

तिला मी समजावू शकत नाही. तुला मी आता काही सांगणार नाही. नकाशा तुझ्याकडे आहे.

तुझी भाची


११ मार्च

चि. भाचीस,

कपाट हललं.

हलवायला गवंडी, त्याचा भाऊ आणि मी. कपाटाच्या पायांनी फरशीत खळगे पाडलेत, तिथं नवी फरशी बसवायची का असं गवंड्यानं विचारलं. म्हटलं, नको, चाक अडत नसेल तर असू देत. मागं जुनं दार तसंच होतं, कडी गंजलेली. गवंड्यानं पहारीचा एक ठोका दिला आणि ते उघडलं. कोळ्यांची जाळी, एक कंगवा, आणि कोपऱ्यात तुझा चेंडू. दगडासारखा कडक झालाय. प्लास्टर निघालं की मामीला हाताच्या व्यायामाला दाबायला काहीतरी लागेल, म्हणून तिच्या उशाशी ठेवलाय. दाबला जाणार नाही, पण हातात धरायला होईल.

दार उघडल्यावर उजेड मागच्या खोलीपर्यंत गेला. मागची भिंत पिवळी आहे हे मला माहीत नव्हतं, मला ती करडी वाटायची. गवंड्याचा भाऊ म्हणाला, 'काय झ्याक घर आहे हो, दाबून ठेवलं होतं.'

भीती गेली असं लिहिणार नाही. खोटं लिहायचं ते भाताबद्दल. पहिल्या दिवशी मागच्या खोलीत, तिच्या पलंगावर जाऊन बसलो, तिला काय दिसेल ते पाहायला. रस्त्यावरून एक कुत्रं गेलं आणि मी ताडकन उठलो. पुन्हा बसलो. पेपरवाला आला, पुन्हा उठलो. असं करत करत दुपारपर्यंत बसायला शिकलो. तिच्या वॉकरचा सराव वेगळा, माझा वेगळा.

खाट भिंतीकडे सरकवली, तुझ्या नकाशाप्रमाणे. म्हणजे आता मध्ये कुणी नाही. म्हणून मी एक तोड काढलीय, तीत तुम्ही बायकांनी लक्ष घालायचं नाही. पुढच्या दारात माझी वेताची खुर्ची टाकलीय. दिवसा मी तिथं बसणार, रस्त्याकडे तोंड करून. पुढं मी असलो की झालं.

भाड्याची खुर्ची पुन्हा आणून, पातेलं भरून, गवंड्याला ढकलायला लावलं. फाटकापासून पलंगापर्यंत. थेंब सांडला नाही.

तिला सांग, हे मी तिच्यासाठी केलेलं नाही, नाव बदलावं लागलं असतं म्हणून केलं. ती यावर विश्वास ठेवणार नाही. ठेवू नये.

तिला घेऊन ये.

मामा


२ एप्रिल

माझी गुणाची बाय,

हे पत्र मी माझ्या हातानं लिहितेय. अक्षर कोंबडीच्या पायांचं आलंय, पण प्लास्टर निघाल्यापासूनचं पहिलंच आहे, तेव्हा हसायचं नाही. तू मला सोडून गेलीस त्याला दहा-बारा दिवस झाले. आईला सांग, तिची भावजय ठणठणीत आहे आणि खिडकीतल्या गप्पांची फार आठवण येते.

तू पाहिलंसच, खुर्ची कशी एका दमात आत आली. त्या दिवशी मी मुद्दाम तोंड फिरवलं होतं. तुझ्यासमोर रडायचं नव्हतं.

आता इथलं सांगते. पलंगावर पडल्या पडल्या मला पुढचं दार दिसतं, पलीकडचं फाटक दिसतं, फाटकाबाहेरचा रस्ता दिसतो. शेजारच्या वहिनी भाजी घेऊन आल्या की आता माझ्या डोळ्यांदेखत येतात, आणि लवकर जातात. पण ह्या सगळ्याच्या मध्ये दिसते ती तुझ्या मामांची पाठ. सकाळी उठले की पाठ. चहा देऊन जातात आणि पुन्हा पाठ. खुर्चीत ताठ बसलेले, रस्त्याकडे डोळे लावून. एकदा मी म्हटलं, 'अहो, पाठ बघायला का मी एवढा खुबा मोडून घेतला?' ऐकू कुठं येतंय! त्यातून पाठमोरे, म्हणजे तर भिंतीशीच बोलायचं.

मी बोलून पाहिलं नाही असं नाही. जेवताना म्हटलं, इकडे तोंड करून बसा की थोडा वेळ. तर म्हणाले, 'मग दाराकडे कोण बघणार?' ते जे बोलले ना, ते कपाटाचंच बोलले. मी पुढं ताणलं नाही. आधीच केवढं केलंय त्यांनी माझ्यासाठी. कपाट हललं त्या दिवसापासून चेहरा किती ओढलाय त्यांचा, तुला दिसलं नसेल, मला दिसतं.

काल दुपारी मला पाणी हवं होतं. तांब्या खाली राहिला होता. हाक मारली. पुन्हा मारली. ताट वाजवलं. पाठ काही हलेना. मग हातात तुझा तो लाल चेंडू होता. मी म्हटलं, बघू तरी. पलंगावरून खाली हात सोडला आणि दिला घरंगळत.

सोडल्यावर लक्षात आलं. कसली ही माझी बुद्धी! पाठीमागून, सरळ रेषेत, त्यांना न दिसता. बाई गं, मी काय करून बसले असं झालं. मागची खोली, मधली खोली, उंबरे ह्यांनी काढून टाकलेत ना, कुठं अडला म्हणून नाही. गेला तो थेट त्यांच्या खुर्चीच्या पायावर, टक्.

इतके दचकले! अर्धे उठले, हात खुर्चीच्या पाठीवर, आणि गर्रकन वळले. तोंड पांढरं पडलेलं. मी इकडून दोन्ही हात वर केले, शरण आल्यासारखे. काय करणार, दुसरं काही सुचलं नाही.

त्यांनी खाली पाहिलं. चेंडू उचलला. माझ्याकडे पाहिलं. मग चेंडूकडे. आणि हसायला लागले गं. इतके हसले की खुर्चीत बसून डोळे पुसायला लागले. मग हसताहेत की रडताहेत, मला इकडून कळेना. मी तशीच हात वर करून बसलेली. शेवटी म्हणाले, 'खाली घे हात. दुखतील.'

मग पाणी आणून दिलं. उशाशी चेंडू ठेवला. थोडा वेळ पलंगाशी उभे राहिले आणि दाराकडे बघत राहिले, माझ्या जागेवरून दिसतं तसं. मला वाटलं, झालं, आता जातील पुन्हा पहाऱ्यावर. गेलेच. पण दाराशी जाऊन खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, फिरवली, आणि बसले. माझ्याकडे तोंड करून. दाराकडे पाठ.

आज सकाळपासून तसेच बसलेत. हातात शब्दकोडं आहे, पण पेन्सिल हलत नाही. मान आखडलीय, मागं वळून बघायचं नाही असं ठरवून बसलेत ना. मी मान हलवते, म्हणजे 'काही नाही, नुसता दूधवाला आहे.' मग ते पेन्सिल टेकवतात. कुणी आलं की मी बोट वर करते, गेलं की खाली.

पत्र इथंच संपवते, बाय. फाटक वाजलंय. ह्यांना ऐकू येणार नाही, आणि दाराकडे आता मला बघायचंय.

तुझी मामी